मागाच्या खड्ड्यातली भरती

लाइट काही आता लवकर येत नाही. सरका जवळ, आणि तो कंदील जरा बारीक करा. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची, सर्वपित्री अमावस्येच्या रात्रीची. घर आमच्याच गल्लीतलं, विणकरांचं. शालिकराम माझ्या चांगल्या ओळखीतला.

त्या संध्याकाळी तो लकडगंजात गेला होता, वहिनीसाठी रबरी चपला घ्यायला. वहिनी म्हणजे कौसल्या, त्याच्या थोरल्या भावाची, आनंदरावाची विधवा. दोन वर्षांपूर्वी दोघे भाऊ पातळं विकायला कोकणात गेले आणि शालिकराम एकटाच परतला. भाऊ खडकावरून घसरला, समुद्रानं नेला, एवढंच त्यानं सांगितलं. तेव्हापासून कौसल्येचं एकच म्हणणं होतं, ती जागा मला एकदा दाखवा. आता तो तिला न्यायला तयार झाला, तर सारी गल्ली म्हणाली, दीर असावा तर असा! घरातले तिन्ही माग आनंदरावाचे होते आणि वहिनीनं नुकताच आपला वाटा मागितला होता, हे मात्र कोणी ध्यानात घेतलं नाही.

जेवणं झाल्यावर तो मागाच्या खोलीत आला. आमच्याकडचा माग जमिनीतला असतो. विणणारा काठावर बसून खड्ड्यात पाय सोडतो. अमावस्येला त्या खड्ड्यात कोणी पाय घालत नाही, माग बंद म्हणजे बंद. चपलांचा जोड हातात घेऊन आलेली कौसल्या दारातच थबकली.

"भाऊजी, आज काहून बसले तिथं?"

"काम थोडीच करून राहिलो, वहिनी? बसलो फक्त. या, तुम्हाले वाट दाखवतो."

त्यानं जमिनीवर निळा दोरा पसरला. "हा समुद्र. याच्या काठाकाठानं जायचं." दोऱ्यापलीकडे सुताची एक कांडी ठेवली. "अन् हा मोठा खडक. भाऊ इथंच गेला. जराशीच वाट आहे, गांधीबागेत चक्कर मारून यावं तेवढी. फक्त चपला काढू नका. खडकाले शिंपले चिकटून राहते, पाय कापून काढते."

"अन् पाणी वर आलं तर?"

"पाणी कुठं जाते? आपल्या तलावाचं पाणी कधी उठून घरी आलं काय?"

कौसल्येनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिला पटलं. आनंदरावालाही असंच पटलं होतं.

ती चपला आत ठेवायला गेली. शालिकराम दोरा गुंडाळू लागला. मनात सगळं नीट बसलं होतं. तिला खडकावर बसवायचं, काहीतरी निमित्त काढून निघून यायचं. मग तिन्ही माग त्याचे. दोरा गुंडाळता गुंडाळता त्याच्या बोटांना ओल लागली. मग पायांना गार लागलं.

त्याला वाटलं, मांजरीनं घागर पाडली. त्यानं खाली पाहिलं. पाणी होतं, घोट्यापर्यंत. ते ओसरलं. पुन्हा आलं. या वेळी गुडघ्यापर्यंत...

तो उठायला गेला. पाय निघेनात. माग चालवायच्या पावड्या त्याच्या तळव्यांखाली हलत होत्या. एक वर, एक खाली. तो दाबत नव्हता. खालून कोणीतरी...

पाणी मांडीला. पाणी कमरेला. खारट वास.

"भाऊ..."

पाणी छातीला.

"भाऊ, सोड गा! तिथल्या कोळ्यानं मले सांगितलं होतं, भरती आली की वाट बुडते. मले माहीत होतं. पान आणतो म्हणून तुले बसवलं... अन् निघून आलो. सोड!"

कौसल्या दारात उभी होती. तिनं शब्दन् शब्द ऐकला. तिला खड्डा कोरडाच दिसत होता. त्यात मान वर काढून तडफडणारा दीर दिसत होता.

"वहिनी, हात द्या! हात..."

तिनं दिला नाही. मला विचाराल तर बरोबर केलं तिनं. काहून द्यावा?

मग खड्ड्यातून आवाज आला. शांत. तिच्या नवऱ्याचा.

"बस गा इथंच. मी पान घेऊन आलोच."

...

आम्ही शेजारी धावलो तेव्हा माग थांबला होता. शालिकराम खड्ड्यात बसलेला होता, डोळे उघडे. कपडे कोरडे, माती कोरडी. डॉक्टरनं छाती दाबली तर तोंडातून भळभळ पाणी आलं. खारं.

आणि खड्ड्याच्या मातीच्या भिंतीला, खालपासून वरपर्यंत, शिंपले चिकटलेले. ओले, धारदार. मी एकाला हात लावला, तो हा अंगठा बघा, अजून व्रण आहे.

कौसल्यावहिनीनं ते कोणाला काढू दिले नाहीत. ती अजून त्याच मागावर बसते. अमावस्या सोडून रोज त्या खड्ड्यात पाय सोडते. रबरी चपला कोनाड्यात तशाच पडून आहेत, तिनं एकदाही घातल्या नाहीत. मी एकदा न राहवून विचारलं, वहिनी, लागत नाही काय वं?

तिनं पाय वर घेतला आणि तळवा दाखवला.

एक ओरखडा नव्हता.