आठ कामं आणि एक शाबासकी

एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणारा माणूस पाचवं काम हातात घेतो, आणि चौथं केलं की नाही हेच त्याला आठवत नाही. असं कसं होतं? शर्वाणी महिनाभर या कोड्याशी झगडत होती. आता तिचं अवसानच गळलं होतं.

चंद्रावरच्या वस्तीचा नियम कडक होता. वस्तीबाहेर पडायच्या दालनातली आठ कामं ज्याला कुठे लिहिलेलं न बघता, क्रमाने, एकट्याने करता येतील, तोच इथे राहणार. तिचे आजोबा, डॉ. दिगंबर खरवंडीकर, मेंदूचे नामांकित शास्त्रज्ञ. पण तापात त्यांच्याच मेंदूला इजा झाली होती. परीक्षा उद्या होती. नापास झाले तर पृथ्वीवर रवानगी. आईबाबा दिवसभर खाणीत. शर्वाणीला आजोबांशिवाय होतं कोण?

“पाढा माझ्या फडताळात आहे, शरू,” आजोबा म्हणाले. “दीर्घकालीन स्मृती (वर्षानुवर्षं टिकणारी आठवण). ते शाबूत आहे. लहान झालाय तो ओटा.”

“कसला ओटा?”

“कार्यस्मृती (हातातल्या कामापुरतं मनात धरून ठेवायची जागा). ती कोणाचीच मोठी नसते. तुझ्या ओट्यावर चार वाट्या मावतात, माझ्या दोनच. नवी ठेवली की जुनी खाली पडते.”

“मग वाट्या ताटात ठेवल्या तर?”

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. “त्याला गटबांधणी म्हणतात (सुट्या गोष्टींचा एक गठ्ठा करणं). चाळीस वर्षं शिकवलं मी हे. मलाच सुचलं नाही बघ.”

आठ कामांची दोन ताटं केली: चार कामं अंगावरच्या पोशाखाची, चार दाराची. संध्याकाळपर्यंत दोन्ही ताटं घोकून झाली.

परीक्षेत सहा कामं बिनचूक झाली. सातवं झडपेचं. आजोबांनी ती फिरवली आणि बाजूला उभ्या शर्वाणीला राहवलं नाही.

“शाब्बास, आजोबा.”

ते वळून हसले. मग पुन्हा झडपेकडे पाहिलं. ती फिरवली होती, की फिरवायची होती? त्यांचं हसू मावळलं. त्यांनी ती पुन्हा फिरवली आणि लाल दिवा लागला. सगळं मुसळ केरात गेलं.

“चूक माझी आहे, बाई,” शर्वाणी परीक्षक इनामदार बाईंना म्हणाली. “माझं बोलणं त्यांच्या ओट्यावर पडलं.”

“कळतं मला, बाळ. पण खऱ्या संकटात भोंगा वाजतो. तो गप्प बसेल का?”

आजोबांची पृथ्वीवर रवानगी झाली. आपल्याच जिभेने घात केला, हे कितीतरी दिवस तिच्या मनातून जाईना. मग एका डब्याच्या झाकणाची तिने पाटी केली. तिच्यावर आठ कामं लिहिली, प्रत्येकासमोर तारेत एक मणी ओवला. काम झालं की मणी सरकवायचा, म्हणजे डोक्यात धरायला नको. ती पाटी तिने दालनाच्या दाराशी टांगली.

पुढच्या सरावात भोंगा वाजला आणि वीस वर्षांचा अनुभव असलेल्या इनामदार बाई मध्येच थबकल्या. शिरस्त्राणाची कडी लावली का आपण? त्यांनी पाटीकडे पाहिलं. चार मणी सरकलेले होते. त्या पाचव्या कामाला लागल्या.

“नियम बदलायचा अर्ज मी करते,” नंतर त्या हळूच म्हणाल्या. “हे आधी का नाही सुचलं कोणाला?”

“आपण आजोबांची परीक्षाच घेत बसलो,” शर्वाणी म्हणाली. तिला आनंद झाला नाही, रडूच आलं.

पृथ्वीवरून पुढचं यान यायला सात महिने होते; नियम बदलला तर त्यात आजोबा असतील. तिने डोळे पुसले आणि दुसरी पाटी करायला घेतली. हिच्यात तिने मोठे मणी ओवले, आजोबांच्या थरथरत्या बोटांना धरता येतील असे.