दुसरी कॉपी कुणाच्या घरी?

“व्हिडिओंसाठी एवढी महाग डिस्क… नाही गं आई, परवडायची नाही,” मधुवंती फोनवर नागपूरच्या आईशी कुजबुजली, तोच शेजारून कुणीतरी मराठीत म्हणालं, “घेऊच नका ती.”

चंदीगडच्या सेक्टर सतरामधल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मराठी? तिने चमकून पाहिलं. बारीक कापलेले केस, ताठ खांदे… चंडीमंदिरच्या छावणीतला फौजी, हे सांगायला नको होतं. कॅप्टन शार्दूल, साताऱ्याचा. त्याने एवढंच विचारलं, व्हिडिओ रोज एडिट करणार, की नुसते जपून ठेवायचेत?

जपायचे होते. मनीमाजऱ्यातल्या म्हाताऱ्या बायकांचे फुलकारीचं पंजाबी भरतकाम करणारे हात ती पीएचडीसाठी तीन वर्षं टिपत होती. त्यातल्या एक बीजी, म्हणजे आजी, आता हयात नव्हत्या. ते हात पुन्हा मिळणार नव्हते.

मग ही महागडी एसएसडी कशाला, तो म्हणाला. तेवढ्या पैशात साध्या दोन हार्ड डिस्क येतात, एक बिघडली तरी दुसरी आहे. मराठी कळत नसूनही दुकानदाराचा चेहरा पडला. मधुवंती मात्र खूश झाली. तिच्या कामाचं मोल इतक्या पटकन कुणाला कळलं नव्हतं.

“फक्त दोन्ही एका घरात ठेवायच्या नाहीत,” तो म्हणाला.

“माझं इथे दुसरं घर कुठे आहे?”

“माझी खोली आहे की…” म्हणाला खरा, आणि त्याचे कान लाल झाले.

अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकू नये, हे तिला कळत होतं. तरी टाकला. दोन डिस्क घेतल्या आणि एक त्याच्याकडे दिली.

तेव्हापासून दर रविवारी तो रुमालात गुंडाळलेली डिस्क घेऊन सेक्टर सतराच्या प्लाझातल्या कॉफीच्या दुकानात यायचा. कॉपी व्हायला पाऊण तास लागायचा, कॉफी संपायला दोन. एखाद्या आठवड्यात नवं शूटिंग नसलं, तर ती मुद्दाम काहीतरी टिपायची. अहो-जाहो कधीच मागे पडलं होतं.

फेब्रुवारीत त्याची आसामात तेजपूरला बदली झाली. शेवटच्या रविवारी त्याने रुमाल सोडला. डिस्क परत केली की भेटायचं निमित्तच संपणार होतं. तिने हात पुढे केला… पण त्याने डिस्क सोडली नाही.

“ही माझ्याकडेच राहू दे. थिसिस जमा झाला की दुसरी घेऊन तू ये. कायमची.”

तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

“मग दोन्ही एकाच घरात येतील. तुझा नियम?”

“तिसरी घेऊ. नागपूरला आईंकडे ठेवू.”

मधुवंतीने लॅपटॉप मिटला आणि ती उठून उभी राहिली.

“चल मग. दुकान आठला बंद होतं.”