नऊच्या गाडीआधी

दुपारी अप्पा जेवायला आत गेले, की दुकानाच्या आतल्या दारात मी बसायची. गिऱ्हाईक आलं तर "बसा, अप्पा यायलेत" एवढंच म्हणायचं, अशी ताकीद होती. सेलूच्या बाजारात आमचं लोखंडी सामानाचं दुकान. माघाचे दिवस, जिनिंगमधून कापसाचे पुंजके उडत यायचे आणि नांगराच्या फाळांवर बसायचे. असाच एक पुंजका केसांत घेऊन ते आले.

"दीड फुटाची लोखंडी कडी पाहिजेत. दोन."

बसा म्हणायचं राहूनच गेलं. "पिपाला?" मी विचारलं.

"न्हाई. चेंडू टाकायला."

"बूड नको खाली?"

"नको."

"मग चेंडू पडंल की."

"पडायलाच पाहिजे," ते हसले. "न्हाई पडला तर आमी हरतो."

ते विरूपाक्ष. सोनपेठचे, आमच्यासारखेच लिंगायत. शाळेत नवे ड्रिलमास्तर म्हणून आले होते. हैदराबादला कॉलेजात बास्केटबॉल खेळायचे, तिथं शेवटच्या सामन्यात गुडघा असा मोडला की पळणंच संपलं. अप्पांनी हळहळ केली तर म्हणाले, पळता येत नाही, पण पळवता येतं की.

महादेवाच्या देवळाशेजारच्या पटांगणात दोन उंच खांब उभे राहिले, त्यांना आमच्या दुकानाची कडी. दर सोमवारी बेल वाहायला मी तिथूनच जायची. मी दिसले की मास्तर चेंडू काखेत धरून थांबायचे. धूळ उडू नये म्हणून. ते थांबले की पोरंही थांबायची... कशासाठी, ते त्यांना कळत नसे. मला कळायचं. मी पदर सावरून, मुद्दाम सावकाश जायची.

एका सोमवारी पटांगणात पोरं नव्हती. मास्तरांनी चेंडू पुढं केला.

"एकदा टाकून बघा, महादेवी. नजर कड्यावर ठेवायची. हातावर नको."

"आमची नजर रोज हातावरच असते, मास्तर."

आठव्या वर्षी दीक्षा झाली तेव्हापासून माझा नेम होता. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. पूजा होईपर्यंत पाणी नाही, पूजेत शब्द नाही. हे त्यांच्याही घरचंच, म्हणून त्यांना लगेच समजलं.

"कधी वर बघत जा की," ते हळूच म्हणाले. "आमीबी हाय इथं."

मी चेंडू टाकला. तो कड्याच्या जवळपाससुद्धा गेला नाही, मास्तरांच्या दुखऱ्या गुडघ्यावर आपटला. मी घाबरले, तर म्हणाले, औषध समजतो.

ज्येष्ठात मद्रासहून पत्र आलं. खेळ शिकवायचं वर्षभराचं शिक्षण, ते झालं की कोच होता येणार. मास्तर ते पत्र घेऊन थेट अप्पांकडं आले आणि मला मागणी घातली. आत अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातातली परात तशीच राहिली. अप्पा म्हणाले, "माझी ना न्हाई. पर लेकीला विचारा. तिच्या तोंडून हो आलं तर हो."

माझ्या मनानं तर कधीच हो म्हटलं होतं.

दोन दिवसांनी त्यांची नऊची गाडी होती. आठ वाजता ते सामानासकट घरी आले. मी पूजेला बसले होते. देवघराच्या दाराबाहेरून त्यांचा आवाज आला.

"पूजा होऊ द्या, मी थांबतो. एवढंच सांगायचं होतं... तुमी हो म्हणालात तर वर्षानं मी सेलूलाच येईन. न्हाई म्हणालात तर तिकडंच कुठं नोकरी बघंन."

मी डोळे मिटून बसले होते. लिंग तळहातावर, बेल वाहून झालेला. आणि पूजा... पूजा झालेली होती. ते बोलायला लागले त्याच्याही आधी.

एवढं उठून "हो" म्हणायचं. पण... वाटलं, लगेच हो म्हटलं तर उतावीळ दिसेल. वाटलं, अजून एकदा विचारू दे... तो आवाज अजून एकदा ऐकू दे. म्हणून मी डोळे उघडलेच नाहीत. गाडीची वेळ होत आली तशी पावलं दारापर्यंत आली, थबकली, परत फिरली. ओसरीवर ते अप्पांना म्हणाले, "मिळालं उत्तर. येतो."

मी बाहेर आले तेव्हा गाडीची शिट्टी ऐकू येत होती.

अप्पा रागावले नाहीत. म्हणाले, नको होता तर बरं झालं, तोंडानं नको म्हणायची पाळी आली न्हाई. तेव्हाही सांगता आलं असतं. अप्पांनी तार केली असती. पण काय सांगणार? की हातात लिंग घेऊन मी लबाडीनं बसले होते? ते मला जिभेवर आणता आलं नाही. नेम मात्र एक दिवस चुकला नाही.

आठ वर्षांनी परभणीत, मी कन्याशाळेत शिकवत होते तेव्हा, हैदराबादच्या एका कॉलेजचा संघ सामन्याला आला. शाळेच्या मुलींना घेऊन मी बघायला गेले. कडेला शिट्टी घेऊन कोचसाहेब उभे होते. कानशिलांवर थोडे पांढरे केस, चालण्यात तीच किंचित लचक. मध्यंतरात तेच जवळ आले. घरी दोन मुलं आहेत, धाकटी फार खोडकर, असं सांगितलं. मग खाली बघत म्हणाले, त्या वेळी तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल, मनात ठेवू नका.

"मास्तर," मी म्हणाले, "त्या दिवशी पूजा झालेली होती. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून मी डोळे मिटून बसले होते."

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"पुन्हा विचारायलाच दारापर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "मग वाटलं, पूजेला बसलेल्या माणसाला दोनदा टोकू नये."

पटांगणातून पोरांनी हाक मारली. जाता जाता ते वळले.

"तुमच्या मुलींना हा खेळ शिकवीन मी. महिन्यातून एकदा येत जाईन. तुम्ही फक्त हो म्हणा."

या वेळी मी थांबले नाही.

"नको, मास्तर," मी म्हणाले. "तुमच्या घरी लेकरं वाट बघत असतील."

त्यांनी मान हलवली, शिट्टी ओठांना लावली, आणि खेळ पुन्हा सुरू झाला.