परतीचं पान

बस स्वाती, बॅग तिथेच राहू दे. आई देवळात गेली आहे, यायला अजून अर्धा तास लागेल. तेवढ्यात तुला सगळं दाखवून ठेवते. गॅसचं बटण जरा सैल आहे, दाबून फिरवावं लागतं. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या जेवणानंतर, डोळ्यांतलं औषध झोपताना. तीन आठवडे तू कुकटपल्लीचं घर सोडून इथे तुझ्या मावशीपाशी राहणार, म्हणून मी सगळं कागदावर लिहून फ्रिजला लावलंय.

एक गोष्ट मात्र लिहिता येईना. ती तोंडीच सांगायला हवी. तो दिवा लाव आधी, काळोख पडायला लागला.

बाबांच्या खोलीबद्दल आहे ती.

तुला बाबा आठवतात ते बहुतेक आजारपणातले, खोकणारे, शाल गुंडाळलेले. मी सांगते ते त्याआधीचे. दिगंबरराव म्हणजे कचेरीच्या दफ्तरखान्यात तीस वर्षं जुने कागद सांभाळणारा माणूस. उर्दू, फारसी, मोडी, सगळं वाचायचे. मोडीची सवय इतकी की साधं मराठी लिहितानासुद्धा आधी कागदभर शिरोरेघ ओढायचे आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायचे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. तसं लिहिणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

मी आठ वर्षांची असताना त्यांनी अफझलगंजच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून युरोपच्या रेल्वेचं वेळापत्रक आणलं. जाडजूड, पिवळी पानं, दहा वर्षं जुनं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की त्या खोलीत आमचा प्रवास सुरू व्हायचा. मी नकाशावर बोट ठेवून गाव निवडायची. लहान, कुणी नाव न ऐकलेलं. बाबा पेन्सिलीला ब्लेडने टोक काढायचे आणि वेळापत्रक उलटत मला तिथे नेऊन पोहोचवायचे. जवळच्या काचीगुडा स्टेशनातून एखादी गाडी शिटी देत निघाली की म्हणायचे, "चारू, चल, जल्दी! आपलीच सुटली."

पेन्सिलीचा भुसा, बाबांच्या अंगाचा कापराचा वास, आणि खिडकीतून तिरपं येणारं ऊन. माझं बालपण म्हणजे मला तेवढंच आठवतं बघ. बाबा स्वतः नांदेडपलीकडे कधी गेले नाहीत. आणि एक सांगते, त्या खेळात आम्ही कधी परत आलोच नाही. गावाला पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आई दिवा लावून हाक मारायची, वेळापत्रक मिटलं जायचं. पुढच्या रविवारी नवं गाव.

शेवटच्या आजारात त्यांनी मला विचारलं होतं, "आज जायचं का कुठे?" मला ऑफिसचं काम होतं. म्हटलं, "पुढच्या रविवारी नक्की, बाबा." गुरुवारी ते गेले. अकरा वर्षं झाली.

म्हणून यंदा ठरवलं. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले, एकटीने कधी विजयवाड्यालासुद्धा गेले नव्हते. व्हिएन्नाला उतरायचं, दोन गाड्या बदलून आल्टनबाख नावाच्या खेड्यात जायचं, तिथून भाड्याची मोटार घेऊन द्राक्षमळ्यांतली लहान लहान गावं बघायची. आल्टनबाख आमच्या रविवारच्या गावांपैकीच एक. महिनाभर बसून सगळा आराखडा केला. गाड्या, वेळा, मुक्काम, मोटारीचे रस्ते. चौदा पानं छापली, आणि शनिवारी आईला भेटायला आले तेव्हा बाबांच्या टेबलावर पसरून बघितली. जाताना तिथेच विसरले.

पुढच्या शनिवारी आले तर पानांवर पेन्सिलीने दुरुस्त्या.

वाटेत ग्राझला मी गाडी बदलायला सात मिनिटं ठेवली होती. समोर लिहिलेलं, "सात मिनिटं पुरत नाहीत. सामान आहे. पुढची धर, १४.२६." मोटारीच्या पानावर होतं, "तिथे उजव्या बाजूने चालवतात. रोज सकाळी निघताना स्वतःला एकदा मोठ्याने सांग." प्रत्येक ओळीवर आधी लांब शिरोरेघ, खाली टांगलेली अक्षरं.

मी पहिल्यांदा आईवरच संशय घेतला. पण तिच्या हाताला कंप आहे, कप दोन्ही हातांनी धरते. घरात दुसरं कुणी नाही. मग मी फोनवर ग्राझची गाडी बघितली. माझी सात मिनिटांवाली गाडी आठवड्यापूर्वीच रद्द झाली होती. १४.२६ ची मात्र होती... चालू वेळापत्रकातली, स्वाती. बाबांच्या त्या जुन्या पुस्तकातली नव्हे.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगू, त्या दिवशी मी पानं उराशी धरून रडले. वाटलं, अकरा वर्षांनी कुणीतरी माझी काळजी केली.

पानं पुन्हा टेबलावरच ठेवली. घरी जाताना रस्त्यात एक गोष्ट ध्यानात आली. बाबा गेल्यापासून आई मला शनिवारीच बोलावते. रविवारी येते म्हटलं की काहीतरी निमित्त. भजन आहे, पाहुणे आहेत, बरं वाटत नाही. अकरा वर्षांत मी एकाही रविवारी दुपारी या घरात नव्हते.

म्हणून पुढच्या रविवारी न सांगता आले. चार वाजत आले होते. आभाळ इतकं भरून आलेलं की घरात दिसत नव्हतं, आणि वीजही गेली होती. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आई इथे, याच खुर्चीत बसली होती, बाबांच्या बंद दाराकडे तोंड करून. मला बघून दचकली नाही. नुसतं ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग मला ऐकू आलं. खर्र... खर्र... लाकडावर ब्लेड फिरल्याचा आवाज. थोडा वेळ शांत. मग कागदावर पेन्सिल. दाराच्या फटीतून कापराचा वास येत होता.

"आई... आत कोण आहे?"

"हळू बोल. त्यांचं काम चाललंय. साडेपाचला उरकतं."

"कधीपासून?"

"तेरावं झालं, त्याच्या पुढच्या रविवारपासून. तू परेशान होशील म्हणून शनिवारी बोलवत होते."

"तू आत... गेलीस कधी?"

"एकदा गेले. खुर्चीत कुणी नव्हतं गं. पण खुर्चीला हात लावला, तर ऊन लागली." आई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "नंतर नाही गेले. तुम्हा दोघांच्या गाडीत मला कुठे जागा होती?"

एवढ्या वर्षांत आई हे पहिल्यांदा बोलली.

मी दाराशी गेले. कडीला हात लावायचा धीर झाला नाही, नुसतं लाकडाला कपाळ टेकवलं. म्हटलं, "बाबा, मी निघाले आहे. त्या रविवारी नाही म्हणाले, ते... ते डोक्यातून जात नाही."

पेन्सिल थांबली.

मग पानं उलटायला लागली. एकामागून एक, सावकाश, शेवटच्या पानापर्यंत. आणि एक लांब रेघ ओढल्याचा आवाज आला. इतका लांब की मी श्वास धरून उभी राहिले. त्यानंतर काही नाही.

साडेपाचला आईनेच दार उघडलं. खोली रिकामी. टेबलावर पेन्सिलीच्या सालींचा ढीग. चौदावं पान वर होतं. ते परतीचं पान, आल्टनबाख ते हैदराबाद. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एका रेघेने खोडलेलं.

तेव्हा मात्र मी घाबरले. बाबांना परतायचं ठाऊकच नव्हतं, आमच्या खेळात ते नव्हतंच. की त्यांना दुसरंच काही म्हणायचं होतं?

मी कोरा कागद घेतला. वर लिहिलं, 'परतीचा प्रवास, आल्टनबाख ते काचीगुडा.' खाली लिहिलं, "बाबा, मला परत यायचं आहे. आईला माझ्याशिवाय कुणी नाही." कागद टेबलावर ठेवून आले.

पुढच्या रविवारी यायची छाती झाली नाही. काल, शनिवारी, आले. कागद भरलेला होता.

पण ते अक्षर बाबांचं नव्हतं, स्वाती. पेन्सिलही नव्हती. निळी शाई, बारीक, उजवीकडे झुकलेली रोमन लिपी. वाटेतल्या गावांच्या नावांत काही अक्षरांवर जर्मन पद्धतीची दोन दोन टिंबं दिलेली. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ, तिकडचे लोक देतात तशी. सगळं बिनचूक होतं. आल्टनबाखहून सकाळची गाडी, व्हिएन्ना, विमान, हैदराबाद, काचीगुडा, या घराचा नंबर. पोहोचण्याची तारीख चौदा, रविवार, दुपारी चार. प्रवासी एक.

आणि तळाशी शिरोरेघ ओढून, पेन्सिलीने, बाबांच्या अक्षरात एकच शब्द. "ठीक."

माझं परतीचं विमान अठ्ठावीसचं आहे. चौदाला मी तिथे डोंगरात मोटार चालवत असणार, म्हणजे तिकडून या दारी येणारं ते कुणीतरी दुसरंच. घरात तुम्ही दोघीच असाल.

तू म्हणशील जाऊच नकोस. समोरच्या मालनबाईही सकाळी तेच म्हणून गेल्या, उद्यापासून पितृपक्ष लागतोय, असं निघतात का कुणी? मी रात्रभर विचार केला. पण बाबांनी तेरा पानं इतक्या जिवापाड तपासली आहेत. आणखी एक रविवार त्यांना नाही म्हणायचं माझ्याच्याने होणार नाही. तुला नको वाटत असेल तर आत्ता सांग, मी आईला कुकटपल्लीला न्यायचा पुन्हा प्रयत्न करते. तिला विचारून बघितलं मी, ती हलायला तयार नाही.

तो कागद मी तिला वाचून दाखवला होता. वाटलं घाबरेल, निदान मला तरी थांबवील. तिने तारीख पुन्हा विचारून घेतली, बोटांवर दिवस मोजले. मग बाबांच्या दाराकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"चारू, त्या पाहुण्यांना आपलं तिखट चालेल का गं?"