धाकट्याच्याच हातची गाडी

दवाखान्याची गाडी आज पुन्हा अडून बसली, तीही पेशंट आत बसल्यावर. मॅनेजरने टेस्टरताईला फोन लावला.

"लगेच या. आज निकाल लावायचाय. गाडीचा, नाहीतर ड्रायव्हरचा."

अंबाड्यात टेस्टर खोचून फिरणारी ही गाड्यांची इलेक्ट्रिशियन. तिने बॉनेट उघडलं. बॅटरी ठणठणीत, वायरी शाबूत. किल्ली फिरवली की इंजिन दोन सेकंद घुरघुरायचं आणि गप्प व्हायचं. चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा लाल दिवा भराभर लुकलुकायचा. गाडी तिलाही चोर समजत होती.

"हे कधीपासून?"

"तीन आठवडे झाले," गाडीचा ड्रायव्हर म्हणाला. वीस वर्षांची नोकरी जायची वेळ आलेली. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"दुसरी किल्ली?"

"कधीच हरवली."

"मग गाडी सुरूच होत नाही?"

"माझ्या धाकट्या भावाने फिरवली की होते. याच किल्लीने! हातगुण चांगलाय त्याचा."

हे सांगतानाही त्याला भावाचं कौतुकच होतं. धाकटा इथलाच बदली ड्रायव्हर. उजव्या अंगठ्याला बँडेज होतं, तरी तो हसत पुढे झाला. त्याच हाताने किल्ली फिरवली. इंजिन सुरू!

"बघितलंत?" मॅनेजर म्हणाला. थोरल्याला काढायचं त्याचं ठरल्यातच जमा होतं.

टेस्टरताईने किल्ली काढून तिची प्लॅस्टिकची मूठ नखाने चाचपली. जोडावर गोंदाची रेघ होती.

"आता डाव्या हाताने."

"कशाला?"

"फिरव तर."

दोन सेकंद घुरघुर. मग गप्प.

"या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप असते," टेस्टरताई म्हणाली. "किल्लीच्या भोकाभोवतीचं तारेचं वेटोळं ती ओळखतं, तरच इंजिन चालू राहतं. मूठ उघडून कोणीतरी चिप काढलीय. मग उजव्या हाताने ती गाडीला कशी सापडते? बँडेज सोड."

धाकट्याने हात मागे घेतला. तिनेच पट्टी उलगडली. अंगठ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. पट्टीच्या घडीत चिप होती. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता.

"दादा, तू आज ना उद्या रिटायर होणारच होतास," धाकटा पुटपुटला. "मी किती वर्षं बदलीवर काढायची?"

मॅनेजरने खाली मान घालून थोरल्यापुढे किल्ली धरली. त्याने ती घेतली नाही. तो भावाच्या धडधाकट अंगठ्याकडेच बघत होता.

"दुखतंय म्हणालास," तो म्हणाला. "तीन आठवडे रोज सकाळी तुझ्या शर्टाची बटणं मी लावत होतो रे."