शेवटच्याने दार लावायचं

हे सगळं मला आठवतं तसंच घडलं का, याची खात्री मी देऊ शकत नाही. माझं वय झालंय. शिवाय आयुष्यभर ध्वनिशास्त्र शिकवल्यामुळे एक खोड जडली आहे: जगात सगळ्यांत कमी विश्वास माझा माझ्याच कानांवर आहे. कान फसतो, आणि घाबरलेला कान तर हमखास फसतो. वर्ग नावाची गोष्ट शिल्लक होती तेव्हा मी हे फळ्यावर लिहून देत असे. तेव्हा मी सांगतो त्यातलं थोडं वजा करूनच ऐका. मीही करतो. वजा करून जे उरतं त्याची मला अजून भीती वाटते. आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटतो.

आमच्या वस्तीला शहरातले लोक उकिरडा म्हणत. आम्हीही तेच म्हणायचो, फक्त मान ताठ ठेवून. जग जळून गेल्यावर त्या मुलखात एकच शहर झगमगत राहिलं होतं, जुगाराचं. भोवती उंच तट, तटाआड दिवे, आणि अष्टौप्रहर फिरणारी नशिबाची चाकं. त्यांनी फेकलं ते आम्ही उचललं. माझ्या खोलीची एक भिंत जुगाराच्या यंत्रांच्या पत्र्याची होती. जमिनीवर कुठल्याशा पत्त्यांच्या हॉलमधला लाल गालिचा होता, दारूच्या डागांसकट. वस्तीत पोलीस नव्हता, कोर्ट नव्हतं. चोरी झाली तर चोराच्या आईकडे जायचं, एवढाच कायदा. बाहेर लुटारूंच्या टोळ्या हिंडत, म्हणून वस्तीला कुंपण होतं आणि कुंपणाला एकच दरवाजा. कोसळलेल्या टॉवरच्या लिफ्टची दोन दारं जोडून केलेला, आतून लोखंडी अडसर घातलेला.

आणि आमच्याकडे रांग होती.

शहरातली धुणीभांडी आमचीच माणसं करत. राखेचं वादळ आलं की शहर आपले दरवाजे बंद करी. त्याआधी कामकऱ्यांना बाहेर काढी, कारण आतली गाळलेली हवा आमच्या फुफ्फुसांवर कोण खर्च करणार? मग ती माणसं अंधारात, डोळे बांधून, वस्तीकडे चालत निघत. दिशा चुकली की संपलं. म्हणून वादळ दिसताच घराघरातून एकेक जण बाहेर पडे. वस्तीच्या दरवाजापासून शहराच्या तटाकडे, हाकेच्या अंतरावर, एकामागे एक उभं राहायचं. हातात जे असेल ते वाजवायचं. येणारा आवाजाच्या मागे येतो, तुम्हाला हात लावतो, आपण कोण ते सांगतो आणि पुढच्या आवाजाकडे जातो. सगळे आले की रांग गुंडाळायची. टोकाच्याने अलीकडच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, त्याने त्याच्या अलीकडच्याच्या, असं करत सगळी साखळी आत यायची. टोकाचा माणूस सर्वांत शेवटी आत येतो. त्याने म्हणायचं, "दार लावा." तो म्हणाल्याशिवाय अडसर पडत नाही.

हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. कोणी मोडलेलंही नव्हतं.

त्या दुपारी मी पत्रेवाल्याकडे बादलीला बूड बसवायला गेलो होतो. तो माझ्या खोलीला लागूनच राहत असे, आणि त्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार होती.

"बूड बसवतो प्रोफेसर, पण पाणी धरेल याची गॅरंटी नाही," तो म्हणाला. "तुमच्यासारखंच आहे हे. वरून भांडं, आतून गळती."

"गळतीचे पैसे वेगळे घेणार का?"

"तुमच्याकडून? तुम्ही मला परवा हवेचा दाब समजावलात. तेवढ्यात वसूल झालं. अजून डोकं दुखतंय."

शेवटचा रिवेट ठोकता ठोकता तो थांबला. नाक वर करून त्याने हुंगलं. मलाही आला तो वास... केस जळल्यासारखा. बाहेर उन्हाचा रंग पितळी झाला होता. क्षितिजावरून एक काळी भिंत चालत येत होती, आवाज न करता.

माझी लेक शहरात चादरी धुण्याच्या कामाला होती. ती त्या दिवशी गेली होती.

दरवाजाशी वहिनी उभी होती. सगळी वस्ती तिला वहिनीच म्हणे. कोणाची वहिनी ते कोणाला ठाऊक नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला आडव्या हाताने चाचपून मोजायचं काम तिचं. ती माणसं नेमत होती आणि वादळ आमच्यापेक्षा भरभर येत होतं.

"टोकाला कोण?" पत्रेवाल्याने विचारलं.

टोकाची जागा कोरड्या कालव्याच्या पलीकडे होती, तटाच्या जवळ. तिथे कायम स्टोव्हवाली मावशी उभी राहायची. स्टोव्ह दुरुस्त करून करून तिची बोटं पिनांनी टोचलेली असत. ती रिकाम्या सिलिंडरवर पाना मारायची: दोन ठोके लगोलग, मग थांबून एक. कुठूनही ओळखावा असा घनगंभीर आवाज. ती थंडीत राखेच्या खोकल्याने गेली. तिला पुरताना सिलिंडर तिच्या पायाशी आम्ही ठेवला. खड्ड्यात उतरून तो आडवा करणारा मीच होतो. तिच्या जागी अजून कोणी ठरलं नव्हतं.

"मी जातो," मी म्हणालो.

"कालवा ओलांडेपर्यंत राख गाठेल तुम्हाला," वहिनी म्हणाली. "तुम्ही अलीकडच्या काठावर उभे राहा. आज तेच टोक."

"वहिनी, ते अंतर फार होईल. राख आवाज खाते. माझा ठोका शहराच्या दरवाजापर्यंत पोचणार नाही. हे मी अंदाजाने नाही सांगत, हा माझा विषय..."

"मग जोरात वाजवा," ती म्हणाली आणि मला ढकललं.

मी बादली घेऊन धावलो. या वयात धावलो म्हणजे काय, पडत गेलो. माझ्या अलीकडे पत्रेवाला थांबला, हातात मोटारीच्या चाकाची रिम. मी कालव्याचा काठ पायाने चाचपला, डोळ्यांवर, तोंडावर फडकं बांधलं, आणि राख आली.

अंधार म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं. अंधारात काही दिसत नाही. राखेत आपण आहोत हेसुद्धा कळत नाही. ती अंगावर पडत नाही, टेकते. ऊबदार, मऊ. पत्रेवाल्याची रिम एवढ्या जवळ असूनही उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखी वाजत होती. मी बादली बडवत होतो आणि प्रत्येक ठोक्यागणिक मनात गणित मांडत होतो. उत्तर दर वेळी तेच येत होतं. पोचत नाही. माझी लेक पलीकडे कुठेतरी उभी आहे, कान टवकारून, आणि तिला काहीही ऐकू येत नाही.

मी ओरडलो असेन. आठवत नाही.

मग समोरून, कालव्याच्या पलीकडून, आवाज आला.

दोन ठोके लगोलग. मग थांबून... एक.

पहिला विचार आला तो प्राध्यापकाचा: पडसाद. समोर तट आहे, आपलाच आवाज परत येतोय. मी बादली थांबवली. ठोके थांबले नाहीत. पडसाद आपण दिलेलं तेवढंच परत देतो. त्याला स्वतःचं काही बोलायचं नसतं. हे बोलत होतं. दोन... आणि एक. दोन... आणि एक. ऐकता ऐकता मी बादलीवर बसून घेतलं आणि बसल्या बसल्याच तिच्या कडेवर वाजवत राहिलो. जागा मात्र सोडली नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

थोड्या वेळाने एक हात माझ्या छातीला लागला. "इस्त्रीवाला. मागे आहेत."

मग दुसरा. "बश्या धुणारी. मागे आहेत."

मग एकामागून एक. शिंपी, झाडूवाला, स्वयंपाकघरातल्या जावा जावा. घसा राखेने बसलेला, पण प्रत्येकाने आपण कोण ते नीट सांगितलं. मी प्रत्येकाला पत्रेवाल्याकडे वळवत होतो आणि विचारायचा धीर मला होत नव्हता. शेवटी इस्त्रीवाल्याची बायको आली तेव्हा मी म्हणालो, "अगं, वाट कशी सापडली?"

"कशी म्हणजे? वाजत होतं की," ती म्हणाली आणि गेली.

मग बराच वेळ कोणीच नाही. फक्त दोन... आणि एक.

आणि मग दोन छोटे, ओलसर, साबणाचा वास येणारे हात माझ्या चेहऱ्यावर आले.

"बाबा? तुम्ही? तुम्हाला कोणी उभं केलं इथे?"

"बाळ... मागे कोण?"

"कोणी नाही. मीच शेवटची." मग सवयीने, अगदी सहज, तिने पुढे जोडलं, "मावशी आहे फक्त."

बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं असावं. तिची बोटं माझ्या दंडात रुतली.

"बाबा, तिने माझा हात धरून कालव्यात उतरवलं... बोटं तिचीच होती."

"जा," मी म्हणालो. "पत्रेवाल्याकडे जा. बोलू नकोस."

ती गेली. आता नियमाप्रमाणे मी टोक. मी उठायचं, पत्रेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि रांग गुंडाळायची. पण पलीकडे ठोके चालू होते; आणि पलीकडे कोणी वाजवत असेल तर मी टोक नव्हतो. काय करावं ते कळेना. मी नुसता उठून उभा राहिलो.

ठोके थांबले.

कालव्यात राख दबल्याचा आवाज आला. कोणीतरी चढ चढून येत होतं. घाईने नाही, दिवसभराचं काम उरकून यावं तसं. मग माझ्या उजव्या खांद्यावर हात पडला.

त्या हाताला वजन होतं. गार होता, ओल्या लोखंडासारखा. आणि तो थरथरत नव्हता. त्या अंधारात तेवढी एकच गोष्ट थरथरत नव्हती.

मी मागे पाहिलं नाही. धैर्य म्हणून नाही. फडकं सोडलं तर डोळे जातात. मी चालत जाऊन पत्रेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याने पुढच्याच्या, आणि आम्ही निघालो. वाटेत पत्रेवाला खोकत म्हणाला, "प्रोफेसर, मागून ओढताय का ढकलताय? पाय किती जणांचे वाजतायत तुमच्या?"

"तू चाल," मी म्हणालो.

दरवाजात वहिनीचा हात माझ्या छातीवरून फिरला. मी आत पाऊल टाकलं आणि खांद्यावरचा हात निघाला. "दार लावा" मी म्हणालो नाही. ते शेवटच्याने म्हणायचं असतं आणि मी शेवटचा नव्हतो. पुढे लेकीला मिठी मारली, तिच्या नाकातली राख काढली, पत्रेवाल्याच्या बादलीतून तिला पाणी पाजलं. गळली नाही बादली. त्या दिवशी वस्तीने एकही माणूस गमावलं नाही. ज्या वस्तीला उकिरडा म्हणत, तिने.

बरीच वर्षं गेली. शहर आपल्या ओझ्याने विझत आलं आणि तिथला एक पत्ते वाटणारा नोकरी सुटून आमच्यात राहायला आला. एका संध्याकाळी तो माझ्या गालिच्यावर बसून ओशाळवाणा म्हणाला, "सर, वादळ आलं की आम्ही तुमच्यावर डाव लावून घ्यायचो. किती पोचतात त्यावर. तटावर उष्णता दाखवणारी काच होती. राखेतून माणसं पांढरी दिसायची."

मी त्याच्यापुढे पाणी सरकवलं.

"एकदा टोकाची जागा रिकामी होती. कोणीच पोचणार नाही म्हणून सगळ्यांनी उलट लावलं. आणि तुमची माणसं सरळ रेषेत चालत गेली, ओळंबा सोडल्यासारखी. लोक हसायचे थांबले. मग तुमची साखळी परत निघाली. शेवटचं पांढरं माणूस एक म्हातारं होतं, उजवा खांदा खाली झुकलेला. त्याच्या मागे राखेत काळी भोकं होती. माणसांच्या आकाराची. एकामागे एक, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. तटापासून तुमच्या दरवाजापर्यंत. काच बिघडली म्हणून मालकाने डाव रद्द केले. काच बिघडली नव्हती, सर. त्यानंतर तुमच्यावर पैसे लावायला कोणी धजलं नाही."

मी उठून वहिनीकडे गेलो. ती आता खाटेवरच असे. मी तिला त्या वादळाचं विचारलं.

"तुमच्यानंतर पुष्कळ आले," ती शांतपणे म्हणाली. "हाताला लागत होते. हात खांद्यापर्यंत बधिर झाला माझा."

"आणि तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? आजवर जे जे वाटेत राहिले, ते आले. आपलीच माणसं, त्यात घाबरायचं काय?"

"मग 'दार लावा' कोण म्हणालं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाही म्हणालं. म्हणून मी अडसर पुन्हा घातलाच नाही."

मी तसाच दरवाजाशी गेलो. लिफ्टची दारं नुसती लोटलेली होती. इतक्या वर्षांत एकही टोळी त्या दरवाजातून आत शिरली नव्हती आणि आम्ही त्याचं श्रेय अडसराला देत आलो होतो. अडसर बाजूच्या भिंतीवर, आपल्या दोन आकड्यांत टांगलेला होता. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. मग पत्रेवाल्याला बोलावलं, त्याने पहार लावून पाहिली. तो निघाला नाही. आकड्यांशी गंजून एकजीव झाला होता.