दुसरी प्लीहा

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसभावावर गुदरलेली आहे. आप्पा म्हणतो आम्ही त्याला. हॉस्पिटलच्या तळघरात तो स्कॅनचं मशीन चालवायचा. भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. आजही नाही म्हणतो. पण ती नोकरी मात्र सोडली.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. दिवसा मशीन बंद पडलं होतं, म्हणून शेवटच्या बाईंचा नंबर रात्री साडेदहाला लागला. बाई शिक्षिका. पोटात गाठी निघालेल्या, कॅन्सरच्या भीतीने घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. पण लहानपणी गाडीच्या अपघातात त्यांची प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालची स्प्लीन, फुटली होती, ती काढून टाकली होती. फुटलेल्या प्लीहेचे कण कधीकधी पोटात भलतीकडेच रुजतात. गाठी त्या कणांच्याच आहेत का, ते पाहायचं होतं. त्यासाठी बाईंचंच थोडं रक्त गरम करून, त्यात औषध घालून परत टोचलं होतं. असं रक्त प्लीहा ओढून घेते आणि पडद्यावर ती जागा चमकते.

"गाडीत अजून कोण होतं?" त्यांना झोपवताना आप्पाने सहज विचारलं.

"धाकटा भाऊ. सकाळपर्यंत आत अडकलो होतो दोघं. माझा हात घट्ट धरून होता तो..." बाईंनी डोळे मिटून घेतले.

कॅमेरा छातीपासून वीतभर अंतरावर उतरला. आप्पा काचेपलीकडे जाऊन बसला. पडद्यावर ठिपके उजळले. गाठी प्लीहेच्याच. त्याला हायसं वाटलं.

तेवढ्यात स्पीकरमधून बाईंचा आवाज आला. "अहो, हात सोडा ना माझा."

आप्पा उठून आत गेला. मागे दार लागलं. दिवे गेले. मशीन तेवढं बॅटरीवर घरघरत राहिलं. कडी हलेना. कॅमेरा वर जाईना. फोनला रेंज नाही.

अंधारात बाईंचा श्वास. त्याचा स्वतःचा.

आणि तिसरा... छोटा, घाईघाईचा.

"कोण आहे?" आप्पाने विचारलं.

...

मग बाईच बोलल्या. अगदी हळू.

"छोट्या... सकाळ झाली रे. सोड आता."

श्वास थांबला. दार आपोआप उघडलं.

बाई सुखरूप घरी गेल्या. ऑपरेशनही टळलं. सोमवारी आप्पाने डॉक्टरांना चित्रं दाखवली. सगळ्यांत विखुरलेले ठिपके. फक्त शेवटच्या चित्रात, बाईंच्या शेजारी, एक लहान आकृती. डाव्या बरगडीखाली एकच ठळक डाग. अख्खी, धडधाकट प्लीहा.

डॉक्टरांनी ते चित्र पुन्हा जवळ ओढलं.

"औषध कुणाकुणाला टोचलं होतं?"

"बाईंनाच... फक्त."